पेनकिलर घेताना या चुका टाळा: दुखणं थांबवणारी गोळी आणखी काय काय थांबवते

पाय मुरगळला की घोटा लाल होतो, तापतो, सुजतो आणि ठणकतो. या सगळ्यात प्रोस्टाग्लँडिन्स या शरीरातच बनणाऱ्या रसायनांचा मोठा वाटा असतो. इजा झालेल्या पेशींच्या आवरणातून ॲराकिडॉनिक ॲसिड सुटतं आणि कॉक्स नावाचं एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन्स बनवतं. त्यातलं पीजीई-२ रक्तवाहिन्या रुंदावतं आणि वेदनेच्या नसा इतक्या हळव्या करतं की मोजा चढवतानाही कळ येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनामिक ॲसिड ही सगळी औषधं कॉक्सलाच अडवतात. ॲस्पिरिन हेच करतं, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं.

पण जठराच्या आतला चिकट थर आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त यांची राखणही प्रोस्टाग्लँडिन्सच करतात. गोळीला घोटा कुठला आणि जठर कुठलं हे कळत नाही. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

एकाच जातीच्या दोन गोळ्या

वाशीच्या एपीएमसीत गोणी उचलणाऱ्या माथाडीची कंबर धरते. सकाळी ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल, उतार पडला नाही म्हणून दुपारी कॉम्बिफ्लाम. नावं वेगळी असली तरी दोन्ही त्याच एन्झाइमवर काम करतात. आराम दुप्पट होत नाही, जठरातून रक्त जाण्याचा धोका मात्र वाढतो. म्हणून पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 मिग्रॅ असतं. दिवसात तीन गोळ्या झाल्या, की डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेता येणारी आयबुप्रोफेनची 1200 मिग्रॅची मर्यादा संपली. पॅरासिटामॉलची बेरीज वेगळी ठेवा: सगळ्या गोळ्यांतलं मिळून 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नको, आणि दारू किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून बरंच कमी.

कंबरेपासून पोटरीपर्यंत विजेसारखी चमक जात असेल, तर ते दबलेल्या नसेचं दुखणं असू शकतं. त्यावर ही औषधं कमीच लागू पडतात. डोस वाढवत बसू नका, तपासून घ्या.

‘इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही’

हा समज फार पसरलेला आहे. गोळी जठराला स्पर्शाने खुपते ते थोडंच. खरं नुकसान औषध रक्तात गेल्यावर होतं. इंजेक्शन रक्तातच जातं. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ कमी होते, अल्सर टळेलच असं नाही. वय 65 च्या पुढे असेल, आधी अल्सर झालेला असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका. पॅन्टोप्राझोल हे जठरातलं आम्ल कमी करणारं औषध दिलंच असेल तर ते सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या. ते जठर सांभाळतं, मूत्रपिंड सांभाळत नाही. डांबरासारखी काळी, चिकट शी झाली तर गोळी बंद करून लगेच रुग्णालय गाठा.

बीपीची गोळी, घाम आणि पेनकिलर

सगळ्यात जास्त काळजी इथे हवी, कारण यात काहीच दुखत नाही. शरीरात पाणी कमी पडलं की प्रोस्टाग्लँडिन्स मूत्रपिंडाच्या गाळणीत येणारी रक्तवाहिनी उघडी धरतात. बीपीच्या गोळीतलं टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं. अनेकदा त्याच गोळीत असणारं हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतं. त्यात डायक्लोफिनॅक पडलं की आत येणारी वाहिनीही आवळते आणि गाळणीतला दाब कोसळतो. मे महिन्यात तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यात भट्टीजवळ आठ तास उभं राहणाऱ्या बीपीच्या माणसाला हे सहज होऊ शकतं. जुलाब-उलट्यांतही तेच. अशा वेळी पॅरासिटामॉल घ्या. पेनकिलर घेतल्यावर लघवी कमी झाली किंवा पाय सुजले तर ती थांबवा आणि रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासून घ्या. या गोळ्यांनी बीपीही चढतं. नियमित औषध घेऊनही आकडा उतरत नसेल तर डॉक्टरांना पेनकिलरबद्दल आवर्जून सांगा.

ठाणे वर्षा मॅरेथॉनला उतरणाऱ्यांनीही ‘आधीच एक घेऊन ठेवू’ असं करू नये.

पावसाळ्यातला ताप

जुलैनंतर ठाण्यात ताप आला की डेंगी नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन काहीच नको. प्लेटलेट आधीच उतरत असतात, त्यात ही औषधं उरलेल्यांचंही काम बिघडवतात. मोठ्यांना पॅरासिटामॉल 500 ते 650 मिग्रॅ, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. मुलांचा डोस वजनावर: दर किलोला 10 ते 15 मिग्रॅ. निमेसुलाइड 12 वर्षांखालील मुलांना देण्यावर देशात 2011 पासून बंदी आहे. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या.

पाळीच्या कळा असह्य होईपर्यंत थांबणं

इथे मात्र चूक उलटी होते: गोळी उशिरा घेतली जाते. गर्भाशय आवळणारं पीजीएफ-२-अल्फा हे प्रोस्टाग्लँडिन पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत जास्त बनतं. कॉक्स अडवलं तर नवं बनत नाही, पण आधीच बनलेलं लगेच नाहीसं होत नाही. म्हणून डॉक्टरांनी मेफेनामिक ॲसिड दिलं असेल तर पाळी सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्या: सहसा आधी 500 मिग्रॅ, मग गरजेप्रमाणे दर सहा तासांनी 250, दोन-तीन दिवस. या औषधाने क्वचित डीआरईएसएस नावाची गंभीर ॲलर्जी होते. भारतीय औषधकोश आयोगाने 2023 मध्ये तसा इशारा दिला. काही आठवड्यांनी जरी अंगावर पुरळ, ताप आणि गाठी आल्या तरी हे औषध घेतल्याचं सांगा. दिवस गेल्याची शक्यता असेल तर आधी विचारा. पाचव्या महिन्यानंतर या औषधांनी गर्भजल कमी होऊ शकतं.

हृदयासाठीच्या ॲस्पिरिनसोबत आयबुप्रोफेन

ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या कॉक्सला कायमचं बंद करतं. आयबुप्रोफेन आधी येऊन तीच जागा अडवून बसलं तर ॲस्पिरिन आत शिरू शकत नाही आणि थोड्याच वेळात रक्तातून निघून जातं. साधं ॲस्पिरिन घेतल्यावर निदान अर्धा तास थांबून आयबुप्रोफेन घ्यावं, असा नियम आहे. आतड्यात विरघळणाऱ्या लेपाच्या ॲस्पिरिनला मात्र हा हिशेब लागू होत नाही. तुमच्या पट्टीवर ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ किंवा ‘एन्टेरिक कोटेड’ लिहिलेलं असेल, तर गुडघा दुखला तरी पॅरासिटामॉलच घ्या आणि रोजचं ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका.