पोस्टग्रेसच्या देखभालीचे वर्षभराचे वेळापत्रक कसे आखावे

पोस्टग्रेस-क्यूएल हा डेटाबेस सर्व्हर चालवणाऱ्या अनेक कार्यालयांत अपडेटचा विषय निघाला, की ‘व्यवस्थित चालले आहे, मग हात कशाला लावायचा’ हे उत्तर ठरलेले असते. या उत्तरात दोन अगदी वेगळ्या कामांची गल्लत होते. १५.६ वरून १५.७ वर जाणे हे एक काम आणि १५ वरून १८ वर जाणे हे दुसरे. २०१७ साली आलेल्या आवृत्ती १० पासून पहिला आकडा मुख्य आवृत्तीचा आणि दुसरा दुरुस्तीचा, अशी सरळ पद्धत आहे. दुरुस्तीच्या आवृत्तीत नव्या सोयी नसतात, डिस्कवरील माहितीची मांडणी बदलत नाही, आणि सर्व्हर थांबवून नवे पॅकेज बसवून पुन्हा सुरू केला की बहुतेक वेळा काम संपते. मुख्य आवृत्ती बदलताना मात्र जुनी डेटा डिरेक्टरी (माहितीच्या फाइलींचा फोल्डर) नव्या प्रोग्रामला जशीच्या तशी उघडता येत नाही, म्हणून तिथे खरी तयारी लागते. मोठ्या कामाची धास्ती लहान कामाला लावली, की सुरक्षेच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षे पडून राहतात. माझ्या मते हाच सर्वांत मोठा धोका आहे.

लहान कामाच्या तारखा आधीच माहीत असतात. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी, सर्व चालू मुख्य आवृत्त्यांच्या दुरुस्त्या एकाच वेळी प्रसिद्ध होतात. २०२६ साली हे गुरुवार १२ फेब्रुवारी, १४ मे, १३ ऑगस्ट आणि १२ नोव्हेंबर असे येतात. वर्षाच्या सुरुवातीलाच या तारखा कॅलेंडरात लिहून त्यांपुढे डाउनटाइमची, म्हणजे सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवण्याची, परवानगी मागून ठेवावी. परवानगी दर वेळी नव्याने मागावी लागली, तर ती दर वेळी नाकारली जाण्याचीही शक्यता असते.

तरीही गुरुवारी रात्रीच मुख्य सर्व्हरला हात लावू नये. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या १७.१ मध्ये एका अंतर्गत रचनेचा आकार बदलल्यामुळे, आधी कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन (सर्व्हरला जोडलेले पूरक प्रोग्राम) कोसळू शकत होती. सातच दिवसांत, २१ नोव्हेंबरला, १७.२ काढावी लागली. पुढच्याच फेरीत १३ फेब्रुवारी २०२५ च्या १७.३ पाठोपाठ २० फेब्रुवारीला १७.४ आली. म्हणून शुक्रवारी चाचणी सर्व्हरवर अपडेट बसवावे, आठ-दहा दिवस त्यावर नेहमीचे काम चालवावे आणि मगच मुख्य सर्व्हरचा शनिवार-रविवार धरावा. आपल्याला थेट लागू होणारी गंभीर सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली असेल, तर अर्थातच इतके थांबू नये. ती लागू होते की नाही, हे मात्र सूचना वाचल्याशिवाय कळत नाही.

आवृत्तीसोबतच्या सूचना वाचणे हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आवृत्ती १४ मध्ये, वापर चालू असतानाच इंडेक्स (माहिती पटकन शोधण्यासाठीची सूची) बांधण्याच्या पद्धतीत एक दोष होता आणि त्यामुळे इंडेक्स बिघडू शकत असे. १६ जून २०२२ रोजी, नेहमीच्या फेरीची वाट न पाहता, १४.४ काढून तो दूर केला गेला. परंतु आधीच बिघडलेले इंडेक्स पॅकेज बदलल्याने दुरुस्त होणार नव्हते, ते पुन्हा बांधणे आवश्यक होते, आणि ही गोष्ट सूचनांत स्पष्ट लिहिलेली होती. दुरुस्त्या संचयी असल्याने मधल्या आवृत्त्या गाळून थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येते, मात्र गाळलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या सूचना वाचाव्यातच.

प्रत्यक्ष कामात आधी स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत सांभाळणारे राखीव सर्व्हर अद्ययावत करावेत आणि मुख्य सर्व्हर शेवटी घ्यावा. थांबवण्यापूर्वी चेकपॉइंट घेतल्यास, म्हणजे मेमरीतील बदल डिस्कवर लिहून घेतल्यास, सर्व्हर बंद होण्यास कमी वेळ लागतो. लांबलेले व्यवहार (ट्रान्झॅक्शन) चालू आहेत का, तेही पाहावे. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज बदलताना सर्व्हर आपोआप रिस्टार्ट होऊ शकतो, म्हणून स्वयंचलित अपडेटमधून पोस्टग्रेसची पॅकेजे वगळलेली बरी.

आता मोठे काम. नवी मुख्य आवृत्ती वर्षातून एकदा, साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. दर वर्षी उडी मारण्याची गरज नाही; दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते, कारण मधल्या आवृत्त्या वगळून १४ वरून थेट १८ वर जाता येते. वेळापत्रक मात्र मुदत संपण्याच्या तारखेपासून उलटे मोजत आखावे. आवृत्ती १४ ची मुदत १२ नोव्हेंबर २०२६ रोजी, म्हणजे दिवाळीला लागूनच संपते, आणि त्या आठवड्यात निम्मी माणसे गावी असतात. मार्चअखेरीस हिशेबाची घाई असते, तेव्हा तर हे काम मुळीच काढू नये. एप्रिल-मेमध्ये रंगीत तालीम, जून-जुलैमध्ये प्रत्यक्ष बदल आणि गणपतीपूर्वीचा ऑगस्ट राखीव, अशी आखणी आपल्याकडे सोयीची ठरते. ज्या आवृत्तीवर जायचे, तिची पहिली दुरुस्ती तरी येऊन गेलेली असावी.

तालीम खऱ्या माहितीच्या पूर्ण प्रतीवर करावी. ती प्रत बॅकअपमधूनच उभी करावी, म्हणजे बॅकअपचीही परीक्षा होते. मुख्य आवृत्ती बदलून देणारे पीजी_अपग्रेड हे साधन आधी फक्त तपासणीच्या पर्यायाने चालवावे. ‘लिंक’ पर्यायामुळे फाइलींच्या प्रती काढाव्या लागत नाहीत आणि मोठा डेटाबेसही लवकर बदलतो, पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना सुरक्षितपणे वापरता येत नाही. परतीची वाट हवी असेल, तर आधीचा बॅकअप हाताशी हवाच. आवृत्ती १८ मध्ये नवा क्लस्टर (एका सर्व्हरखालील डेटाबेसचा संच) तयार करताना चेकसम (डिस्कवरील माहिती बिघडली का, हे ओळखणारे आकडे) आपोआप चालू असतात. जुन्या क्लस्टरमध्ये ते बंद असतील, तर मेळ न बसल्याने अपग्रेड अडते, म्हणून नवा क्लस्टर तसाच बनवावा किंवा जुन्यावर ते आधी चालू करून घ्यावेत. १८ च्या आधीच्या आवृत्तीवर जात असाल, तर प्लॅनरची (क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, कशी पुरवायची हे ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत येत नाही. ती लगेच गोळा केली नाही, तर सोमवारी सकाळी प्रत्येक क्वेरी रेंगाळते आणि नव्या आवृत्तीला विनाकारण दोष दिला जातो.

ऑपरेटिंग सिस्टीमचा बदल याच रात्री उरकण्याचा मोह टाळावा. लिनक्समधील जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, आणि डेबियन ९ वरून १० वर गेलेल्या सर्व्हरवर मजकुराचे इंडेक्स कोणतीही चूक न दाखवता निरुपयोगी ठरू शकत होते. असा बदल करताना मजकुरावरील इंडेक्स पुन्हा बांधण्यासाठी स्वतंत्र वेळ धरावा, आणि तो होईपर्यंत जुन्या सिस्टीमवरील मुख्य सर्व्हरला नव्या सिस्टीमवरील स्टँडबाय जोडून त्यावरच्या उत्तरांवर विसंबू नये.