मंडळाचा लोगो पेन टूलने काढायला बसण्यापूर्वी

गणपतीच्या तोंडावर लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत सगळ्या फ्लेक्सवाल्यांकडे रांग लागते, आणि मंडळाकडून लोगो म्हणून हातात पडतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून पुसट झालेला जेपीजी. तो फोटोशॉपमध्ये नव्याने काढायचा असेल तर आधी फोन करून विचारा की हा लोगो जाणार कशाकशावर? बॅनरवर छापायचा, टी-शर्टवर मारायचा, की टेम्पोच्या काचेवर रेडियममध्ये कापायचा? छपाईत खपणारी चूक रेडियमला खपत नाही. रेडियम कापणाऱ्या कटरचं ब्लेड फक्त पाथवरून, म्हणजे आकाराच्या कडेच्या रेषेवरून फिरतं. रंग, सावली, रेषेची जाडी त्याच्या गावीही नसते. तिन्ही कामं असतील तर तयारी रेडियमच्या हिशोबाने करावी, बाकीची दोन त्यात आपोआप बसतात.

दुकानदाराकडून फुटातलं माप, रंग किती आणि फाइल कुठली चालेल हे लिहून घ्या. त्याच्याकडे बहुधा कोरलड्रॉ हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम, म्हणजे ‘कोरल’ असतं, तेही अनेकदा जुनं, म्हणून आवृत्तीही विचारा. स्टिकर काचेला आतून लागणार असेल तर उलटा कोण करणार तेही ठरवून टाका. तुम्हीही उलटा केला आणि त्यानेही केला, तर रस्त्यावरून मंडळाचं नाव आरशातल्यासारखं दिसेल.

मूळ चित्र ‘फोटो’ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून टाकतं. जुनं पावतीपुस्तक मिळालं तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) केलेलं त्याचं स्कॅन सगळ्यात बरं.

लोगोची फाइल बॅनरएवढी करायची गरज नाही. १० इंच चौरस, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे ३००० × ३००० पिक्सेल पुरे. आकार व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी बांधलेला असला की मागाहून हवा तेवढा वाढवता येतो. अख्खा बॅनरच फोटोशॉपमध्ये लावणार असाल तर मात्र आकडेमोड करावी लागते. १० बाय ५ फूट ७२ पीपीआयला ८६४० × ४३२० पिक्सेल होतात. ४० फुटी कमान त्याच हिशोबाने ३४,५६० वर जाते आणि फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलवर थांबते. तिथे पीएसबी ही मोठ्या मापाची फाइल घ्या, नाहीतर निम्म्या मापात काम करून दुकानदाराला तसं लिहून कळवा.

आता पेन टूल घ्या आणि वरची पट्टी बघा. मोड ‘शेप’वर आहे ना, ते पाहा. चौकोन-वर्तुळाच्या टूलला ‘पिक्सेल्स’ राहिलं असेल तर आकार दिसायला तोच येतो, पण मोठा केला की कडा फाटतात. ‘पाथ’वर काढलात तर पाथ्स पॅनेलमधल्या ‘वर्क पाथ’ या तात्पुरत्या पाथला नाव देऊन ठेवा, कारण पुढचा पाथ सुरू झाला की नाव नसलेला जातो. पाथ ऑपरेशन्स ‘सबट्रॅक्ट’वर (वजा करणं) राहिलं असेल तर पहिलाच आकार काढल्यावर आकार रिकामा आणि बाकी सगळा कॅनव्हास भरलेला दिसतो. पिक्सेल ग्रिडला चिकटण्याची सोय छोट्या आयकॉनला चांगली, ट्रेस करताना बंद ठेवा. मूळ चित्राचा लेयर फिका करून लॉक करा, फिल (आतला रंग) ‘नन’, स्ट्रोक (कडेची रेघ) बारीक आणि भडक, म्हणजे खालची रेघ दिसत राहते.

मॅजिक वाँडने एका रंगाचा भाग आपोआप सिलेक्ट करून ‘मेक वर्क पाथ’ हा आडमार्ग नको. त्यातून बिंदूंची रास येते, ब्लेड ठेचकाळत जातं आणि कड करवतीसारखी निघते. सोंड काढताना बिंदू वळणाच्या टोकांवरच ठेवा, जिथे ती सर्वांत डावीकडे, उजवीकडे किंवा खाली जाते. बिंदूतून निघणारं, वळण ठरवणारं हँडल शिफ्ट दाबून सरळ उभं-आडवं ओढा. एका काठाला चार-पाच बिंदू पुरतात. पुरत नसतील तर बिंदू वाढवण्याआधी हँडलची लांबी बदलून पाहा, सहसा चूक तिथेच असते. सुळ्याच्या टोकाला आल्ट धरून हँडल तोडा, नाहीतर टोक गोल होतं.

खरी कसोटी नावाच्या अक्षरांची. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात साउथ एशियन पर्याय निवडून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागतो, त्याशिवाय जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी बसते. फॉन्ट युनिकोड असावा. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू फुकट मिळतात. ऱ्हस्व-दीर्घ मंडळाकडून तपासून घेतल्यावरच ‘कन्व्हर्ट टू शेप’ करा, आणि मूळ टेक्स्ट लेयरची प्रत लपवून ठेवा. शेप झाल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. काळ्या फिलमध्ये ते कळतही नाही. पण ब्लेड त्या प्रत्येक सांध्यावरून आडवं जातं आणि ‘गणेशोत्सव’चे तुकडे हातात येतात, बॅनरवर पिवळी आउटलाइन दिली तर तिथे उभ्या रेघा उमटतात. म्हणून ‘मर्ज शेप कम्पोनंट्स’ करून सगळे आकार एकसंध करा, किंवा कोरलमध्ये वेल्ड. नंतर ‘व’ आणि ‘ब’ची पोटं, म्हणजे आतल्या पोकळ जागा, उघडी राहिली आहेत का ते बघा. अनुस्वाराचा ठिपका जरा मोठा करा. दोन मिलिमीटरहून बारीक काही असलं की जादा रेडियम सोलताना तेही निघतं, आणि ‘मंडळ’चं ‘मडळ’ होतं.

जाड रेघ स्ट्रोक म्हणून सोडू नका. ब्लेड तिच्या मधोमध एकच चीर देईल. फोटोशॉपमध्ये स्ट्रोकचा थेट शेप होत नाही, म्हणून ती सुरुवातीलाच दोन काठांचा आकार म्हणून काढा. इंकस्केप या फुकट व्हेक्टर प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ‘स्ट्रोक टू पाथ’ आहे, कोरलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-क्यू.

पाठवताना लेयर फ्लॅटन (सगळे एकत्र सपाट) करू नका. छपाईला पीडीएफ, कटिंगला एक्स्पोर्टमधलं ‘पाथ्स टू इलस्ट्रेटर’. फोटोशॉपमध्ये झूम करून पारख होत नाही, तिथे व्हेक्टरही पिक्सेलातच दिसतं. पीडीएफ वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडून मोठी करा. कटिंग सुरू होण्याआधी दुकानदाराला कोरलमध्ये वायरफ्रेम व्ह्यू (फक्त कडेच्या रेषा दाखवणारा) लावायला सांगा, आणि नावाच्या शिरोरेखेत कुठे उभी रेघ दिसते का ते पाहा.