पैसेवाटप दिसलं तर सी-व्हिजिलवर तक्रार कशी करावी

पाकिटं फिरतात ती मुख्यतः मतदानाच्या आदल्या रात्री, ‘कत्तल की रात’ला. त्या घाईत अ‍ॅप शोधत बसू नका. आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल डाउनलोड करा आणि लोकेशन चालू ठेवा.

गॅलरीतला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ त्यात चढत नाही. अ‍ॅपमधूनच फोटो किंवा जास्तीत जास्त २ मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि ५ मिनिटांत पाठवा. नुसता चेहरा टिपून भागत नाही. हातातली मतदार यादी, नावांपुढच्या खुणा, पाकीट देणारा हात, गाडीचा नंबर, शेजारच्या दुकानाची पाटी, हे सगळं एकाच चित्रणात आलं तर पंचनाम्याला आधार मिळतो.

तक्रार ५ मिनिटांत जिल्हा नियंत्रण कक्षातून भरारी पथकाकडे जाते. पथकाला पोचायला १५, तपासाला ३० आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला निर्णयासाठी ५० मिनिटं ठरलेली आहेत. पथक येण्याआधी व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकू नका. वाटणारे सावध होतात, पथकाला रिकामी गल्ली सापडते. निनावी तक्रारही चालते, पण मग पुढे काय झालं ते अ‍ॅपवर कळत नाही. अ‍ॅप अडलं तर १९५० वर फोन करा.

दोन चुका फार होतात. गाडीत रोकड दिसली की लोक लाच समजतात; पण कागदपत्रांशिवाय ५० हजारांच्या वर रक्कम असेल तर ती जप्त होते, वाटप वेगळं सिद्ध करावं लागतं. दुसरी चूक, पुरावा म्हणून पाकीट घेणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार घेणाराही गुन्हेगार ठरतो. कलम १७३ मध्ये १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

ग्रामपंचायत, पालिका, जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे सी-व्हिजिल नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पुराव्याला वजन असतं: सरपंचपदाच्या लिलावाचे व्हिडिओ बाहेर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथली अख्खी निवडणूक रद्द केली होती.

“मत कुणाला दिलं ते कळतं आम्हाला,” ही वाटणाऱ्यांची धमकी खोटी आहे. केंद्रनिहाय एकूण मतं बाहेर येतात, माणूसनिहाय नाही. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा; भीतीपोटी मत बदलतं ते त्यांचंच.