ट्रेनरचे आकडे बघून घोडा निवडताय? या चुका टाळा

आपल्या गोव्यातल्या साखळी गावचा एक ओळखीचा मुलगा आहे, पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा सीझन सुरू झाला की वही घेऊन बसतो. त्याने परवा मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला, एका ट्रेनरच्या, म्हणजे घोडे शर्यतीसाठी तयार करणाऱ्याच्या, नावासमोर त्याचे किती घोडे जिंकले त्याचा टक्का म्हणून ४४ टक्के लिहिलेलं आणि त्याला लाल पेनाने गोल केलेला. खाली विचारलं होतं, दादा याचे रविवारी तीन घोडे आहेत, तिन्ही खेळू का? मी विचारलं ४४ टक्के म्हणजे कितीपैकी किती, तर म्हणाला ९ पैकी ४.

हीच चूक मी स्वतः दोन सीझन केली आहे आणि त्यात गेलेले पैसे घरखर्चातले होते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आपल्या गोव्याची एक अडचण सांगतो. इथे रेसकोर्स नाही. मुंबईचा माणूस दुपारी महालक्ष्मी रेसकोर्सला जातो, पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात) घोडा शांत चालतोय की घामाघूम झालाय ते डोळ्यांनी बघतो, आपल्याला ते बघायचं तर थिवीहून नाहीतर मडगावहून कोकणकन्या पकडून रात्रभर प्रवास करायचा. म्हणजे घोडा बघणं वर्षातून एकदोनदा, बाकी वेळ हातात फक्त रेसबुक (त्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांची माहिती असलेलं पुस्तक) आणि निकाल. त्यामुळे आपल्याकडचा माणूस आकड्यांवर जास्तच विसंबून राहतो आणि ट्रेनरचा टक्का हा सगळ्यात सोपा आकडा, एका ओळीत मिळतो, म्हणून तोच पहिला धरला जातो. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं ते खरं, पण आकडा नुसता उतरवून घेणं म्हणजे कौशल्य नाही, तो आकडा कुठून आला हे शोधणं म्हणजे कौशल्य.

थोड्या रनरवरून (पळालेल्या घोड्यांवरून) टक्का काढणं

९ पैकी ४ घ्या, नाहीतर सोपं म्हणून १० पैकी ३ घ्या. समजा एका रेस सेंटरला ४० ट्रेनर आहेत आणि सगळे अगदी सारखेच आहेत, प्रत्येकाचा घोडा जिंकण्याची खरी शक्यता १० टक्के, ना कमी ना जास्त. प्रत्येकाने १० घोडे पळवले. आता नुसत्या नशिबाने ३ किंवा जास्त जिंकलेले किती ट्रेनर दिसतील? हिशोब केला तर जवळपास ३ जण. म्हणजे कोणीच कोणापेक्षा चांगला नसताना तुमच्या वहीत तिघांसमोर ३० टक्के किंवा त्याहून जास्त लिहिलं जाईल आणि तुम्ही नेमका त्या तिघांनाच गोल कराल, कारण बाकीचे ३७ तुमच्या नजरेतच येत नाहीत.

१० पैकी ३ या आकड्यावरून खरी टक्केवारी ७ पासून ६५ पर्यंत कुठेही असू शकते, इतका तो ढिला आहे. तेच १०० पैकी ३० असेल तर साधारण २१ ते ४० च्या मध्ये येतो, आता जरा बोलण्यासारखं झालं. मी स्वतः १०० रनरच्या खाली टक्का लिहितच नाही, नुसतं "९ पैकी ४" असं लिहितो, टक्का लिहिला की डोकं लगेच तो खरा मानून चालायला लागतं.

बोंड कोणाचं आणि हात कोणाचा

काजूच्या सीझनला आपल्याकडे बघा. ज्याच्या बागेतलं बोंड (काजूचं फळ) रसाळ आणि पिकून आपोआप खाली पडलेलं, त्याचा हुर्राक (त्या रसाची हलकी दारू) चांगलाच होणार, भट्टीवर कोणीही बसवा. खरी परीक्षा मध्यम बोंडातून चांगला माल काढणाऱ्याची. ट्रेनरचंही तसंच आहे. मोठे मालक लाखो रुपयांचे, चांगल्या वंशावळीचे घोडे ठराविक चारपाच तबेल्यांतच पाठवतात. पेसी श्रॉफ जॉकी म्हणून ८ वेळा इंडियन डर्बी जिंकले आणि मग ट्रेनर झाले, अशा नावाकडे चांगला घोडा चालत येतो आणि चांगला घोडा आला की टक्का वाढतो आणि टक्का वाढला की अजून चांगले घोडे येतात. त्यांचं काम मोठं आहे यात वादच नाही, पण त्यांचा टक्का बघून "ट्रेनर भारी म्हणून आज हा घोडा भारी" असं म्हणणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणं, कारण घोडा चांगला आहे हे त्याच्या रेटिंगमध्ये (त्याच्या ताकदीच्या ठरवलेल्या आकड्यात) आणि भावात (जिंकल्यावर लावलेल्या पैशाच्या किती पट मिळणार त्यात) आधीच आलेलं असतं.

उलट एखादा छोटा ट्रेनर, १५ घोडे, सगळे खालच्या क्लासचे (रेसच्या खालच्या गटातले), दुसऱ्यांनी सोडलेले, त्याचा टक्का ८ असेल तरी तो आपलं काम फार उत्तम करत असू शकतो. हे कळायला एकच रस्ता आहे, तो पुढे सांगतो.

भावाशिवाय टक्का वाचणं, ही सगळ्यात महागातली चूक

माझे पैसे इथेच गेले म्हणून इथे जरा थांबा.

समजा एका ट्रेनरचे १०० घोडे पळाले, २५ जिंकले. दुसऱ्याचे १०० पळाले, १२ जिंकले. विचारलं तर दहातले नऊ जण पहिल्याच्या मागे जातील. आता प्रत्येक घोड्यावर १०० रुपये लावले असते तर काय झालं असतं ते बघा. पहिल्याचे बहुतेक घोडे फेव्हरिट (ज्यांच्यावर लोक सगळ्यात जास्त पैसे लावतात असे), जिंकल्यावर सरासरी ३२० रुपये परत, म्हणजे १०,००० लावून ८,००० हातात, २,००० गेले. दुसऱ्याचे घोडे कोणी बघत नाही, जिंकल्यावर सरासरी ९०० परत, म्हणजे १०,८०० हातात. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत पण चित्र असंच असतं, २५ टक्केवाला सगळ्यांना दिसतो म्हणून त्याचा भाव आधीच पडलेला असतो.

म्हणून वहीत प्रत्येक रनरसमोर शेवटचा भाव लिहायचाच. मग भावावरून शक्यता काढायची, ४ ला १ (१ लावून ४ नफा) असेल तर पाचात एक म्हणजे ०.२०, ९ ला १ असेल तर ०.१०, इव्हन (जेवढे लावले तेवढाच नफा) असेल तर ०.५०. एका रेसमधल्या सगळ्या घोड्यांच्या अशा शक्यता मिळवल्या तर बेरीज १ पेक्षा जास्त येते, समजा १.२५, हा वरचा भाग बुकीचा किंवा टोटचा (रेसकोर्सवरच्या सामायिक बेटिंगचा) कट असतो, म्हणून प्रत्येक शक्यतेला १.२५ ने भागायचं. ही पायरी लोक सोडून देतात आणि मग सगळेच ट्रेनर वाईट दिसतात.

आता त्या ट्रेनरच्या सगळ्या रनरच्या शक्यतांची बेरीज करा. समजा ५० रनरची बेरीज ८ आली, म्हणजे लोकांनी लावलेल्या भावाप्रमाणे त्याचे ८ जिंकायला हवे होते. जिंकले ११. मग ११ भागिले ८ म्हणजे १.३७ च्या आसपास. १ च्या वर म्हणजे बाजाराच्या अंदाजापेक्षा हा माणूस जास्त काढतोय, खाली म्हणजे नाव मोठं आणि माल कमी. तो १५ घोड्यांवाला छोटा ट्रेनर इथे चमकतो, टक्क्यात कधीच चमकणार नाही. पण इथेही घाई नको, ८ अपेक्षित असताना ११ येणं नशिबानेही सहज होतं. हाच आकडा ३०० रनरवर टिकला तर त्याला महत्त्व द्या.

आणि टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या बेटिंगवर जीएसटी ४० टक्के झालाय, त्याआधी २८ होता आणि तो लागतो पूर्ण लावलेल्या रकमेवर, नुसत्या नफ्यावर नाही. कागदावर १.१० आलेला ट्रेनर त्यामुळे खिशात नुकसानच देतो. जुन्या सीझनचे नफा-तोट्याचे हिशोब आज तसेच्या तसे वापरणारे लोक हे विसरतात आणि मग आपला अभ्यास चुकला असं समजून बसतात, अभ्यास ठीक असतो, हिशोबाचा पायाच बदललेला असतो.

एका रेसमध्ये एकाच तबेल्याचे दोन-तीन घोडे

मोठ्या तबेल्याचे एकाच रेसमध्ये तीन पळाले आणि एक जिंकला तर साध्या मोजणीत ३ पैकी १, म्हणजे ३३ टक्के. पण रेसच्या बाजूने बघितलं तर त्या ट्रेनरने ती रेस जिंकलीच, यापेक्षा जास्त तो काय करणार, तिघे एकदम पहिले येऊ शकत नाहीत. त्यामुळे मोठ्या तबेल्याचा टक्का उगाच खाली दिसतो. मी दोन रकाने ठेवतो, किती रनर आणि किती रेस. आणि तबेल्याचा नेहमीचा जॉकी तिघांपैकी कोणावर बसलाय तेही लिहितो, पण दुसऱ्या घोड्याला पूर्ण सोडून देऊ नका, लोक जॉकीच्या मागे पळतात म्हणून त्या दुसऱ्याचा भाव कधीकधी खूप जास्त सुटलेला असतो.

पुणे आणि मुंबई एकाच टोपलीत

मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा पावसाळ्यात जुलैपासून. ट्रेनर तेच, घोडे बरेचसे तेच, म्हणून लोक सगळं एकत्र मिळवतात. पण जुलैत ट्रॅक भिजलेला मऊ, घोडे विश्रांती घेऊन आलेले, काही ट्रेनर पहिल्या महिन्यात घोडा रेस पळवून पळवूनच फिट करतात आणि काही जण सकाळच्या सरावातूनच तयार करून आणतात. हा फरक ट्रेनरच्या सवयीचा असतो, दरवर्षी तसाच दिसतो आणि खरं सांगायचं तर ट्रेनरच्या आकड्यांतून काही खरंच शिकण्यासारखं असेल तर ते हेच. मोठ्या विश्रांतीनंतरची पहिली रेस, पहिल्यांदाच पळणारा घोडा, दुसऱ्या तबेल्यातून आलेल्या घोड्याची पहिली रेस, लांब अंतरावर पहिल्यांदा नेलेला घोडा. या ठिकाणी घोड्याचा स्वतःचा रेकॉर्ड कमी असतो आणि ट्रेनरची सवय जास्त बोलते. ज्या घोड्याने त्याच अंतरावर दहा रेस पळल्यात त्याच्या बाबतीत ट्रेनरचा टक्का बघून काय मिळणार, घोडाच सगळं सांगतोय.

कापत कापत जाणं

हा ट्रेनर, हा जॉकी, १४०० मीटर, मऊ ट्रॅक, चार वर्षांची घोडी, ६ पैकी ४! असे तुकडे कॉम्प्युटरवर हवे तेवढे निघतात आणि शंभर तुकडे काढले तर त्यातले चारपाच छान दिसणारच. माझा नियम असा की आधी कारण लिहायचं, का बरं हा ट्रेनर मऊ ट्रॅकवर चांगला असावा, मग आकडा काढायचा. आकडा आधी आणि कारण नंतर असं झालं की कारण कुठलंही सापडतं. आणि एका सीझनवरून जे सापडलं ते पुढच्या सीझनवर तपासायचं, ज्या आकड्यांवरून शोधलं त्याच आकड्यांवर तपासणं म्हणजे तपासणंच नाही.

सगळं बरोबर केलं तरी पैसे जातायत, मग काय बघायचं?

पहिलं, भाव कधीचा लिहिताय. सकाळचा भाव लिहून दुपारी खेळत असाल तर वही वेगळ्याच बाजाराची आहे. दुसरं, निकाल लागल्यानंतर "हा तर मी धरणारच होतो" म्हणून वहीत नोंद करताय का, मी करायचो आणि एका सीझनला कागदावर मस्त नफा दिसत होता, खात्यात मात्र काहीच नव्हतं. रेसच्या आधी लिहिलेलं तेवढंच मोजा.

तिसरं, हरण्याची रांग. २० टक्के जिंकणारी पद्धत असली तरी २०० बेटमध्ये सलग १५ हरण्याची रांग एकदा तरी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे. ती आली की माणूस घाबरून पद्धत बदलतो किंवा चिडून रक्कम दुप्पट करतो, दुप्पट करणाऱ्यांचं मी जवळून बघितलंय, घरातलं सोनं बँकेत गेलेलं बघितलंय. रक्कम तीच ठेवा आणि ती घरखर्चातली नसू दे. हे मी आकड्यांच्या मध्येच लिहितोय कारण ते आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

चौथं, तबेल्यात काही घडलंय का. एका तबेल्यात खोकल्याची साथ शिरली की फेव्हरिटसुद्धा शेवटच्या दोनशे मीटरला दम सोडतात, पाच वर्षांचा टक्का तिथे काही कामाचा नाही. सलग दोनतीन आठवडे त्या तबेल्याचे घोडे भावाच्या मानाने फार मागे येत असतील तर थांबा आणि परत कधी सुधारतात ते बघा. जिंकून रेटिंग वाढलेल्या घोड्याचंही तसंच, पुढच्या रेसला पाठीवर वजन जास्त किंवा क्लास वरचा, ट्रेनर तोच असला तरी प्रश्नपत्रिका वेगळी.

साखळीच्या त्या मुलाला मी मागच्या दोन सीझनचे निकाल काढून त्याच ट्रेनरचे सगळे रनर मोजायला लावले. दोन संध्याकाळी बसला बिचारा. ९ पैकी ४ चे झाले ६१ पैकी ८ आणि भावाप्रमाणे जिंकायला हवे होते जवळपास तेवढेच. त्या रविवारी त्याने तिन्ही सोडले. वहीतला टक्क्याचा रकाना खोडून तिथे आता तो भाव लिहितो, पुढची पानं सीझन संपल्यावर पाठवतो म्हणालाय.