नांदूरमध्यमेश्वरला एका दिवसात पक्षी कसे बघायचे

थंडी पडली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की नांदूरला जायचंय, कसं करू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्या जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला, त्याच्या मागे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला आणि त्यातूनच हे उथळ पाणी, छोटी बेटं, पाणकणसाची दाटी असं सगळं तयार झालं. २०२० मध्ये ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा ठरली, म्हणजे पाणथळ जागा जपायच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आली.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सीझन. नाशिकहून पहाटे निघा, तासाभरात पोचता, म्हणजे ऊन वर यायच्या आत अभयारण्याच्या चापडगावच्या गेटवर. मुंबईपुण्याच्या लोकांनी आदल्या रात्री नाशिकला मुक्काम करावा, सकाळचे पहिले दोन तास हुकले तर अर्धा दिवस गेला असंच समजा. आणि निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका, राज्यातलं सगळ्यात कमी तापमान कित्येकदा इथलंच असतं, त्यामुळे कानटोपी, मफलर पाहिजेच, फक्त कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घाला. दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) असली तर बेस्ट, नसेल तर कोणाची तरी मागून आणा पण दुर्बिणीशिवाय जाऊ नका, पक्षी लांब असतात.

गेटवर तिकीट काढलं की पहिलं काम म्हणजे गावातला गाइड घ्या. पैसे वाचवायला जाऊ नका. कारण इथे सगळं पाण्यावर आहे, शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं की पाणी खालीवर होतं आणि काल जिथे हजारभर बदकं होती तिथे आज एकही नसतं, हे त्या पोरांना रोज माहीत असतं, आपल्याला कसं कळणार? तुम्ही स्वतःही आधी पाणी बघायची सवय लावा. खोल, मोकळं पाणी असेल तर तिथे बदकं शोधा, चिखल उघडा पडला असेल तर शेकाट्या आणि पाणटिवळे असे चिखलात चरणारे लांब पायांचे पक्षी, आणि पानवेली असतील तर कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी.

मग पक्षी बघायच्या मनोऱ्याकडे चालायला लागा, पण हळू. शंभर पावलं चाला, पाच मिनिटं थांबा, एवढंच करा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाईघाईत थेट मनोऱ्यावर पोचले आणि वाटेतल्या काठावरचं सगळं माझ्या पुढे पुढे उडून गेलं, ते मला अजून लागतं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

एकदा जागा मिळाली की एकाच पक्ष्याकडे बराच वेळ बघा. थापट्या बदकं बघा, फावड्यासारखी चोच पाण्यात घालून एकमेकांच्या मागे गोल गोल फिरतात, पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब उपटते आणि चक्क पायाच्या मुठीत धरून खाते, मला तर हे बघताना वेळेचं भानच राहत नाही. हळदी-कुंकू बदक नवख्यांनी आधी शिकावं, चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, एकदा दिसलं की नाव विसरणार नाही. आणि मधेच सगळा थवा एकदम उठला तर खाली बघू नका, वर बघा, दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो.

दुपारी अकरा ते तीन फारसं काही हलत नाही. डबा खा, मध्यमेश्वराच्या देवळात जाऊन या, थोडी डुलकी काढा.

साडेतीनला दुसरी फेरी, शक्यतो खाणगाव थडीच्या बाजूने. जमिनीवर चालणारे बारके धोबी पक्षी, तारेवरचा कवड्या खंड्या, आणि नशीब असेल तर चक्रवाकाची जोडी. पाणी उतरलं असेल तर रोहित (फ्लेमिंगो) पण दिसू शकतो पण त्याच्याच मागे लागू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, फोटोसाठी दगड मारून थवा उडवायचा तर अजिबातच नाही, मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटतं. हजारो किलोमीटर उडून आलेला जीव आहे तो, त्याला इथे खायचंय, परतीची चरबी साठवायचीये.

जाताना घरूनच एक वही घ्या, वेळ, जागा, पक्षी, किती, एवढं लिहा, नंतर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका. आणि अंधार पडायच्या आत गाडीत बसा, आजूबाजूला सगळा ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो, उसाच्या बांधावरून पायी रेंगाळू नका, बरोबर पोरं असतील तर हात धरूनच न्या.