हिफ्ज असो की जप, आवर्तनाला कान हवा

हिफ्जला, म्हणजे कुराण पाठ करायला बसलेला नवखा बहुधा नवं पान किती झालं तेवढंच मोजतो. मदरशात दिवसाचे तीन वाटे असतात: सबक म्हणजे आजची नवी संथा, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचं, आमोख्ता म्हणजे जुनं. सगळ्यात जास्त वेळ आमोख्त्याला द्या. पानाला पंधरा ओळी असलेल्या कुराणाच्या मदिना प्रतीत ६०४ पानं आहेत. रोज अर्धं पान केलं तर खाड्याशिवायही सव्वातीन वर्षांच्या वर लागतात, आणि तोवर पहिले पारे, म्हणजे कुराणाच्या तीस भागांतले सुरुवातीचे, पुसट झालेले असतात. कुराण दावणीच्या उंटापेक्षाही लवकर निसटतं, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच आहे. रोज एक पारा म्हटला की ३० दिवसांत फेरी पुरी होते. प्रत मात्र बदलू नका. आयत, म्हणजे कुराणातलं वचन, पानावर कुठे आहे तेही डोळ्यांत बसलेलं असतं.

पाठ करण्याआधी उच्चार पक्के हवेत. पडजिभेजवळून काढलेल्या 'क'चा कल्ब म्हणजे हृदय, आपल्या साध्या 'क'चा कल्ब म्हणजे कुत्रा! चुकीचं पाठ झालेलं पुसणं नव्या पाठापेक्षा अवघड.

दुसरा खड्डा सारख्या आयतींचा. सूरह म्हणजे अध्याय. सूरह बकराच्या १७३व्या आयतीत 'बिही लिगैरिल्लाह' येतं, सूरह नहलच्या ११५व्या आयतीत 'लिगैरिल्लाहि बिही'. एवढ्याशा फरकावर जीभ नकळत दुसऱ्या सूरहमध्ये शिरते. अशा जोड्या वहीत शेजारी शेजारी लिहा आणि उस्तादांना न बघता म्हणून दाखवा.

जपात चूक धरणारं कुणी नसतं, म्हणून तो जास्त फसवा. मानस, म्हणजे मनातल्या मनात केलेला जप श्रेष्ठ मानतात, पण नवखा थेट तिथे गेला की पेंगतो. आधी ऐकू येईल असा वाचिक, मग ओठांतल्या ओठांत उपांशु. आपलाच कान उस्ताद होतो. माळ १०८ मण्यांची, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी न ओलांडता माळ उलटी फिरवायची. बोटं मंत्राच्या पुढे पळू लागली तर ती माळ सोडून पुन्हा पहिल्या मण्यापासून. पतंजलींच्या योगसूत्रांत जपासोबत अर्थाची भावनाही सांगितली आहे (१.२८). तीच गळाली की उरते नुसती मोजणी.

अभ्यास पक्का व्हायला दीर्घकाळ, अखंडपणा आणि आदर हवा, असं पतंजली सांगतात (१.१४). खाडा पडलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट संथा घेऊ नका. नवं थांबवा, सबकी आणि आमोख्ता म्हणा. ते अडखळल्याशिवाय झालं तरच पुढची ओळ.