आगोटीआधी पुस्तकांचं कपाट

आगोटीच्या कामांत लाकूडफाटा, कडधान्यं, सुकी मासळी, कौलं हे सगळं येतं. ज्यांच्या घरात इंग्रजी फॅन्टसीच्या जुन्या हार्डबाउंड प्रती आहेत आणि त्या कधीतरी विकायच्या आहेत, त्यांनी त्यात हेही एक काम धरावं आणि मे सरायच्या आत उरकावं. हवेतला दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की कागदावर बुरशी धरते. आपल्याकडे जुलैत तो नव्वदीला टेकतो. मृग लागल्यावर कपाट उघडलं तर नुसतं हळहळणं हाती राहतं.

आधी निवड करा, कारण सगळीच पुस्तकं एवढ्या उठाठेवीची नसतात. हॅरी पॉटरच्या सातव्या भागाची अमेरिकेतली पहिली छपाईच १ कोटी २० लाखांची होती. ती प्रत कितीही कोरी असू दे, तिच्यापायी खर्चात पडू नका. पहिल्या भागाची गोष्ट वेगळी. १९९७ साली ब्लूम्सबरी या प्रकाशकाने त्याच्या हार्डबाउंड प्रती जेमतेम ५०० छापल्या आणि त्यातल्या बऱ्याच वाचनालयांत गेल्या. कॉपीराइटच्या पानावर १० पासून १ पर्यंत उतरते आकडे आणि ५३व्या पानावरच्या सामानाच्या यादीत जादूची छडी दोनदा, या तिच्या खुणा. तिला जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावर चढवायचं सुटं कागदी वेष्टण, नव्हतंच, चित्र थेट पुठ्ठ्यावर छापलेलं होतं. तेव्हा ‘जॅकेट हरवलंय’ म्हणून कुणी भाव पाडू लागला, तर त्याला एक तर काहीच ठाऊक नाही, नाहीतर सगळं ठाऊक आहे. अशी एक अतिशय स्वच्छ प्रत डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ४,७१,००० डॉलरना गेली. त्याच छपाईच्या, पण शिक्के मारलेल्या, कोपरे झिजलेल्या वाचनालयीन प्रती याच्या आसपासही पोचत नाहीत.

आता जॅकेट. ‘द हॉबिट’ १९३७ साली निघालं, पहिली छपाई १५०० प्रतींची. जॅकेटवरचं चित्र लेखक टॉल्किनने स्वतः काढलेलं. जॅकेटच्या मागच्या घडीवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या आत दुमडलेल्या भागावर, ‘डॉजसन’ (लुईस कॅरलचं खरं आडनाव) या नावात एक अक्षर जादा पडलं होतं आणि ते प्रतीप्रतीवर हाताने शाईने खोडलं गेलं. म्हणजे अस्सलपणाचा एक पुरावा पुस्तकात नसून त्या कागदी वेष्टणावर आहे. ते गेलं की तीच पहिली छपाई कितीतरी खाली उतरते. पातळ कागद, मुलांच्या हातात पडलेला, बहुतेक घरांतून फाटून गेलेला, म्हणून तर त्याला एवढी किंमत. म्हणून प्रत्येक जॅकेट घडीपासून घडीपर्यंत तपासा. पुढच्या घडीच्या कोपऱ्यात छापील किंमत आहे का बघा, ‘हॉबिट’वर ती साडेसात शिलिंग असते. भेट देताना तो कोपरा कात्रीने उडवायची ब्रिटनमध्ये पद्धत होती आणि तेवढ्यानेही भाव उतरतो. नव्या छपाईचं जॅकेट जुन्या पुस्तकावर चढवलेलं असू शकतं आणि हुबेहूब नकलाही विकत मिळतात, तेव्हा असलंच काही तुमच्याकडे असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगून टाका.

आपल्या घरांतली खास अडचण म्हणजे खाकी कव्हर. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांबरोबर गोष्टींच्या पुस्तकांनाही ते चढायचं, जॅकेट एक तर फेकलं जायचं नाहीतर आत दुमडलं जायचं. म्हणून खाकी कागद हलक्या हाताने सोडवा, आत सापडलं तर नशीब. चिकटपट्टी लावलेली असेल तर ओढू नका. फाटलेल्या जागी नवीही लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. पहिल्या पानावरचं आजोबांचं नाव खोडू नका, नावापेक्षा खाडाखोड जास्त खटकते.

आणि कृपा करून पुस्तकं अंगणात वाळत घालू नका. कोकमाच्या सालांना ऊन मानवतं, जॅकेटच्या कण्याला नाही. लाल रंग तर आधी उडतो, आणि उडालेल्या कण्याला दुरुस्ती नाही. पडवीत, सावलीत, वारा खेळेल अशी उभी करून ठेवा. पृष्ठं मऊ ब्रशने वरून झटका, ओलं फडकं लावू नका. मग जॅकेटवर पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म घाला, पण ती जॅकेटला कुठेही चिकटवू नका. साधं पीव्हीसी प्लास्टिक घालू नका, ते कालांतराने चिकट होतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चारेक बोटं सुटं ठेवा, खालचा कप्पा रिकामा ठेवा, आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या अधूनमधून बदला. कसरीसाठी डांबरगोळ्या पुस्तकांत खुपसू नका. तो वास वर्षानुवर्षं जात नाही आणि घेणारा पुस्तक उघडताच नाक मुरडतो.

फोटो सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा: पुढून, मागून, कणा, दोन्ही घड्या, कॉपीराइटचं पान, आणि प्रत्येक डाग जवळून. वर्णनात पुस्तकाची आणि जॅकेटची अवस्था वेगवेगळी लिहा, व्यापारीही तिरकी रेघ मारून तसंच लिहितात, आधी पुस्तक, मग जॅकेट. ‘वयाच्या मानाने छान’ असं लिहू नका, जाणकाराला त्यातून भलतंच कळतं. सौदा जुळला तर पार्सल पावसाआधी काढा, नाहीतर दिवाळीनंतर. पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग चारी कोपऱ्यांना जाड पुठ्ठा, मग खोका. आंब्याची रिकामी पेटी घेऊ नका, तिच्यातल्या गवताबरोबर किडेही जातात.